पाण्याचा कारकून

आमच्या दिवाणखान्यात दोनशे लिटरचा एक समुद्र आहे. त्याला भरती-ओहोटी नाही. उधाण येते ते फक्त माझ्या रक्तदाबाला.

रंगीत मासे पाळणाऱ्या माणसाकडे लोक कौतुकाने पाहतात, पण प्रवाळ पाळणाऱ्याला ‘हे खरे आहेत की प्लास्टिकचे?’ या प्रश्नाला तोंड द्यावे लागते. मग मी पाहुण्यांना सांगू लागतो की प्रवाळ हा प्राणी आहे. तो झाडासारखा एका जागी बसून राहतो, त्याच्या पेशींमध्ये झूझँथेली नावाचे सूक्ष्म शैवाल भाडेकरू म्हणून राहते, प्रकाशावर तयार केलेल्या अन्नातला मोठा वाटा ते घरमालकाला भाड्यापोटी देते, आणि दगडी प्रवाळ म्हणून जे ओळखले जातात ते या कमाईवर स्वतःचा चुनखडीचा सांगाडा बांधत राहतात. थोडक्यात सांगायचे तर प्राणी, झाड आणि चालू बांधकाम या तिघांच्या मागण्या एकाच जिवात एकवटलेल्या आहेत. माझे हे विवेचन संपेपर्यंत पाहुण्यांची नजर घड्याळाकडे वळलेली असते.

सुरुवातीचा दीड महिना त्या टाकीत खारे पाणी, दगड आणि माझा संयम यांखेरीज काहीही नव्हते. अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे जिवाणू दगडांवर पुरेसे वस्तीला येईपर्यंत कुणालाही आत सोडायचे नसते. डोळ्यांना न दिसणाऱ्या पाहुण्यांची वाट पाहत रिकाम्या टाकीपुढे खुर्ची टाकून बसलेला गृहस्थ पाहून घरच्यांनी जे काय ओळखायचे ते ओळखले. मग एके दिवशी सगळ्या वाळूवर डायटम नावाच्या सूक्ष्म शैवालाचा तपकिरी थर पसरला, तेव्हा बायकोने जवळ येऊन निरखून पाहिले आणि म्हणाली, “आला का तुमचा प्रवाळ?”

प्रवाळ पाळणे म्हणजे प्रत्यक्षात पाणी पाळणे होय, हे मला फार उशिरा कळले. टाकीतले पाणी रोज आटते, पण मीठ जिथल्या तिथे राहते. म्हणून समुद्रात रोज भर घालायची ती गोड्या पाण्याची, आणि तेही असे की ज्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर बुडवला तर शून्य दिसले पाहिजे. (घरातली माणसे यापेक्षा बऱ्याच कमी शुद्धतेच्या पाण्यावर जगतात आणि कुरकुरत नाहीत.) दर हजार भागांत मीठ ३५ भाग, तापमान २५ अंशांच्या आसपास, दर दशलक्ष भागांत कॅल्शियम ४०० ते ४५० आणि मॅग्नेशियम १३०० च्या घरात, आणि या सर्वांवर लाडावलेल्या धाकट्या लेकरासारखी अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल पचवण्याची पाण्याची ताकद, जी आठ असली तरी चालते, नऊ असली तरी चालते, पण आज आठ आणि उद्या दहा असली तर प्रवाळ तोंड फिरवतात. या सगळ्याची मी एक वही घातली आहे. कचेरीत माझ्या हाताखालच्या कुणी इतकी नीटनेटकी वही ठेवली असती, तर मी त्याला बढती दिली असती.

अल्कलिनिटी मोजण्याची रीत ऐकायला सोपी आहे. काचेच्या नळीत ५ मिलिलिटर पाणी घ्यायचे, त्यात एकेक थेंब सोडायचा, हलवायचे, आणि निळ्याचे पिवळे झाले की थांबायचे. जितके थेंब, तितका आकडा. अडचण अशी की निळा आणि पिवळा यांच्यामध्ये एक थेंबभर रुंदीचा प्रदेश आहे आणि माझे सगळे आयुष्य त्या प्रदेशात जाते. आठव्या थेंबाला पाणी निळे राहत नाही, पण पिवळे झाले असे छातीठोकपणे म्हणवत नाही. मी नळी खिडकीशी नेतो, पांढऱ्या कागदापुढे धरतो, एक डोळा मिटून पाहतो आणि शेवटी स्वयंपाकघरात जातो.

“हा रंग कोणता?”

“पोपटी.”

“म्हणजे हिरवा की पिवळा?”

“अहो, पोपटी म्हणजे पोपटी.”

वहीत पोपटीसाठी रकाना नाही. मी साडेआठ लिहितो.

एका रविवारी कॅल्शियम ३८० भरले आणि अल्कलिनिटीही उतरलेली दिसली, तेव्हा माझ्यातला कर्तव्यदक्ष कारकून जागा झाला आणि मी दोन्ही द्रावणे एकापाठोपाठ एक, एकाच कोपऱ्यात, सढळ हाताने ओतली. पुढच्या क्षणी टाकीत पांढऱ्या चुन्याचा हिमवर्षाव सुरू झाला. कॅल्शियम आणि कार्बोनेट एकमेकांना भेटायला किती आतुर असतात आणि त्यांना लांब ठेवण्याचे काम बिचारे मॅग्नेशियम मुकाट्याने कसे करत असते, हे मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिले. त्या बिचाऱ्याच्या आवाक्याबाहेरचा माल मी एकदम उतरवला होता. प्रवाळांच्या घरासाठी आणलेल्या त्या साहित्यात हीटरचे घर तेवढे बांधून झाले.

अतिस्वच्छतेचा माझा काळ फार लांबवत नाही. नायट्रेट शून्य आणि फॉस्फेट शून्य असे मी महिनाभर अभिमानाने लिहीत होतो, आणि इकडे प्रवाळ उपाशी माणसासारखे फिके पडत होते. मग वाळूवर बुडबुडे धरलेली चिकट तपकिरी शेंबडासारखी दोरी लोंबू लागली. ती डायनोफ्लॅजेलेट नावाच्या सूक्ष्म जीवांची होती, आणि इतर सगळ्यांना उपाशी ठेवून रिकामी केलेली जागा मीच त्यांना आंदण दिली होती.

परंतु खरा छळ मांडला तो हॅमर कोरल नावाच्या प्रवाळाने. याच्या प्रत्येक शुंडाच्या टोकाला इवल्या हातोडीचा आकार असतो, आणि दिवसभर त्या शंभर हातोड्या पाण्यात संथपणे डुलताना पाहिल्या की केलेला खर्च माणूस विसरतो. एका सकाळी त्याने हातोड्या आत घेतल्या, त्या बाहेर काढल्याच नाहीत. मी वही उघडली. ३५, साडेपंचवीस, साडेआठ, ४३०, १३२०: वहीनुसार हॅमर ठणठणीत होता. मी दिवा मंद केला, एका निरपराध गोगलगायीला तडीपार केले, आणि हॅमरला ताजे पाणी मिळावे म्हणून पंपाचे तोंड डावीकडे फिरवले. हॅमर आणखी आक्रसला. आता एका बाजूने त्याचा पांढरा सांगाडाही दिसू लागला होता.

चौथ्या रात्री दोन वाजता मी लाल टॉर्च घेऊन टाकीपुढे बसलो. लाल उजेडाची रात्रीचे प्राणी फारशी दखल घेत नाहीत. हॅमरपासून वीतभर अंतरावर गॅलेक्सिया नावाचे प्रवाळ होते. दिवसा चांदण्यांच्या आकाराची तोंडे उघडून बसलेले, सभ्य, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्या सभ्य गृहस्थाने अंधारात काचेसारखे पारदर्शक, हातभर वाटावेत असे धागे बाहेर सोडले होते. प्रत्येक धाग्याच्या टोकाला पांढरा ठिपका होता आणि त्यात दंशपेशी भरलेल्या असतात. प्रवाळांची जागेवरून भांडणे होतात हे मी वाचले होते, पण ती अशी रात्रपाळीत चालतात याची कल्पना नव्हती. धागा प्रवाहाबरोबर वाहत यायचा, हॅमरच्या उघड्या बाजूवर टेकायचा, क्षणभर थांबायचा आणि सावकाश परत फिरायचा. आधी तो अधूनमधून पोचत असावा. आता मात्र बिनचूक पोचत होता, कारण प्रवाहाची दिशा गॅलेक्सियाकडून हॅमरकडे होती. ती मीच फिरवली होती.

बाही खांद्यापर्यंत सरकवून मी गॅलेक्सियाला उचलून टाकीच्या दुसऱ्या टोकाला नेत असताना दिवाणखान्यातला दिवा लागला.

“काय चाललंय हो हे?”

“शेजाऱ्यांचं भांडण सोडवतोय.”

“आपल्या शेजाऱ्यांचं?”

“यांच्या.”

दिवा विझला. जमिनीवर सांडलेले खारे पाणी मी एकट्याने पुसले.

हॅमरने पहिली हातोडी बाहेर काढायला अकरा दिवस घेतले. सगळ्या हातोड्या पुन्हा डुलू लागल्यावर काही महिन्यांनी, जखम भरलेल्या बाजूच्या थोडे खाली, सांगाड्याच्या दांड्यावर मला मोहरीएवढा एक उंचवटा दिसला. भिंग लावून पाहिले, तर त्याला तोंड होते आणि तोंडाभोवती चार-पाच टिचभर हातोड्या होत्या. नवे डोके फुटले होते. मी धावत जाऊन बायकोला बोलावले आणि तिच्या हाती भिंग दिले.

तिने बराच वेळ पाहिले. मग म्हणाली, “पोपटी आहे.”

मी वहीत नवा रकाना आखला.