शिफारशीस पात्र प्रेक्षक

चित्रपट सुचवणाऱ्या सेवांचा अनुभव सुधारावा, ही मागणी घरोघरी रात्री साडेनऊच्या सुमारास, ताटातले पिठले गार होत असताना, नेमाने केली जाते. ती चुकीच्या जागी केली जाते, एवढेच नम्रपणे सांगण्यासाठी हा लेख आहे. यंत्राच्या बाजूने जे सुधारायचे होते ते केव्हाच सुधारून झाले आहे; आता उरला आहे तो प्रेक्षक, आणि त्याच्यात सुधारणेला भरपूर वाव आहे.

ज्यांना शंका असेल त्यांनी नेटफ्लिक्सने २००६ साली जाहीर केलेली स्पर्धा आठवावी. एखादा प्रेक्षक एखाद्या चित्रपटाला पाचपैकी किती तारे देईल याच्या अंदाजातली चूक, कंपनीच्या तेव्हाच्या पद्धतीच्या तुलनेत १० टक्क्यांनी कमी करून दाखवणाऱ्याला १० लाख डॉलर मिळणार होते. सुमारे ४ लाख ८० हजार प्रेक्षकांनी १७,७७० चित्रपटांना दिलेली १० कोटींहून अधिक मते स्पर्धकांच्या हवाली करण्यात आली, जगभरची हुशार माणसे जवळजवळ तीन वर्षे त्यांवर डोके चालवत बसली, आणि अखेरीस दोन संघांचा निकाल दशांशचिन्हापुढच्या चौथ्या अंकापर्यंत सारखाच लागल्यामुळे, ज्याची नोंद २० मिनिटे आधी पोचली होती त्या संघाला २००९ मध्ये बक्षीस देण्यात आले. पुढे २०१२ साली कंपनीनेच सांगून टाकले की ही विजयी पद्धत आम्ही पूर्णपणे वापरात आणली नाही, कारण तिच्यामुळे वाढणारी अचूकता ती बसवण्याच्या खटाटोपाच्या मानाने पुरेशी नव्हती. म्हणजे आपली आवड अधिक नेमकेपणाने ओळखता येते, तिचा भावही ठरलेला आहे, फक्त ती ओळखल्यावाचून कोणाचे फारसे अडत नाही. त्या २० मिनिटांत एका संघाचे १० लाख डॉलर गेले. आपली तेवढीच मिनिटे रोज रात्री नुसती पोस्टरे सरकवण्यात जातात आणि तरीही आपण कुरकुरतो, याला काय म्हणावे?

तेव्हा सुधारणेची सुरुवात स्वतःपासून करावी. सर्वांत आधी, आपल्याला काय आवडते हे सांगण्याची खोड मोडावी. तारे देण्याची सोय होती तेव्हा लोक गंभीर माहितीपटांना पाच आणि टुकार विनोदी चित्रपटांना तीन तारे देत, आणि जेवताना मात्र टुकारच लावत. २०१७ मध्ये नेटफ्लिक्सने तारे काढून अंगठे आणले, आणि चित्रपटाशेजारी तो आपल्याशी किती टक्के जुळतो हे छापायला सुरुवात केली. पत्रिका पाहून मोठे झालेल्या आपल्या समाजाला ही पद्धत परकी वाटण्याचे कारण नव्हते. ९७ टक्के म्हणजे ३६ पैकी ३५ गुण झाले, आणि आपल्याकडे १८ जुळले तरी मुहूर्त काढतात. तरीही ‘९७ टक्के जुळतो’ असे लिहिलेला चित्रपट पंधराव्या मिनिटाला असह्य होतो म्हणून आपण तो बंद करतो, हे संसाराचे संस्कार कमी पडल्याचे लक्षण आहे. ३५ गुण जुळलेली किती जोडपी आपण पाहतो; ती काय पंधराव्या मिनिटाला उठून जातात?

‘शिफारस’ या शब्दाबाबतही प्रेक्षकांचा गैरसमज दिसतो. ज्याची शिफारस होते तो गुणी असतो, हा अर्थ त्या शब्दाला आपल्याकडे कधी होता? बँकेत, साखर कारखान्यात किंवा शाळेत ज्याच्यासाठी चिठ्ठी येत असे तो साहेबांचा भाचा असे, आणि हे सर्वांना ठाऊक असूनही कोणी त्या भाच्याकडे गुणपत्रिका मागत नसे. मग एखाद्या सेवेने स्वतःच्या पैशाने काढलेली मालिका पहिल्या ओळीत, तिसऱ्या ओळीत आणि ‘खास आपल्यासाठी’ या ओळीत अशी तीनदा आणून बसवली, तर आपण का दचकावे? आपला तो बाब्या. दुसऱ्याचे कार्टे खाली अकराव्या ओळीत आहे, आणि तिथपर्यंत अंगठा चालवत जाण्याची तयारी असेल तर तेही दिसते.

आता मुख्य मुद्दा घराचा. यंत्राची अशी प्रामाणिक समजूत असते की एका खात्यामागे एक माणूस आहे. ही समजूत खोटी ठरवण्यात आपली कुटुंबे फार तत्पर असतात. माझ्याच घरचे उदाहरण देतो. गेल्या वर्षी माझी आत्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी कराडहून आमच्याकडे राहायला आली होती. डोळ्यांवर ताण नको, असे डॉक्टरांनी बजावल्यामुळे ती काळा चष्मा लावून, भिंतीला पाठ टेकून, डोळे मिटून बसत असे, आणि समोर माझ्या खात्यावर एक पौराणिक मालिका दिवसभर चालत असे. एका दुपारी मालिका थांबली आणि पडद्यावर प्रश्न उमटला, की आपण अजून पाहत आहात का. माझ्या मुलीने तो मोठ्याने वाचून दाखवला, तेव्हा आत्या डोळे न उघडता म्हणाली, “नाही गं बाई, ऐकतेय. त्याला सांग, डॉक्टरांनी पाहू नको म्हटलंय.” मुलीने रिमोटवर ‘होय’ दाबले. दुसरा पर्याय ‘ऐकतेय’ असा नव्हता.

बावीस दिवसांनी आत्या कराडला परत गेली, पण यंत्राच्या लेखी मी बदललो तो बदललोच. ज्या डोळ्यांनी एकही दृश्य पाहिले नाही, त्यांच्या आवडीवरून मला आजतागायत देवदेवतांच्या मालिका सुचवल्या जातात. यात दोष यंत्राचा नाही. आत्या येण्यापूर्वी तिच्यासाठी निराळे प्रोफाइल उघडणे, त्याला नाव देणे, पाच चित्रांमधून तिचा चेहरा म्हणून एक कार्टून निवडणे आणि शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री तिला तीन आवडते चित्रपट विचारून घेणे, हे यजमान म्हणून माझे कर्तव्य होते. आपण ही चूक करू नये. पाहुण्यांना पाण्याचा तांब्या देतानाच त्यांच्या आवडीनिवडीची नोंद करून घ्यावी, आणि कोणी सोफ्यावर पेंगू लागल्यास सेट आधी बंद करावा व माणसाला नंतर उठवावे. २०२० च्या सुरुवातीपासून काही काळ नेटफ्लिक्सच्या हिशेबात दोन मिनिटे चाललेला चित्रपटही ‘पाहिलेला’ धरला जात असे. दोन मिनिटांत दूध उतू जात नाही, पण आपली अभिरुची ठरू शकते.

मराठी प्रेक्षकाने तर थोडी अधिक मेहनत घ्यावी. सांगलीत बसून मराठी चित्रपट शोधताना तो ‘प्रादेशिक’ या ओळीत सापडला तर उगाच मानापमान काढू नये. आपण प्रदेशात राहतो, हे भूगोलाच्या दृष्टीने खरेच आहे. शोधाच्या चौकटीत देवनागरी अक्षरे चालत नसतील तर रोमन लिपीचा आश्रय करावा. नावात ‘ळ’ असेल तर तो कोणत्या अक्षराने लिहिला असेल, ‘व’ साठी दोनपैकी कोणते अक्षर असेल आणि दीर्घ ‘ऊ’ एका अक्षराचा की दोन अक्षरांचा, याचा विचार रिमोटच्या बाणांनी एकेक अक्षर टिपताना करता येतो, आणि त्यातून भाषेशी नाते घट्ट होते. चित्रपट शेवटपर्यंत पाहिलाच, तर शेवटचे गाणे कोणी गायले ही उत्सुकता मात्र आवरावी. श्रेयनामावली सुरू होताच चित्र आक्रसून कोपऱ्यात जाते, पुढल्या चित्रपटाची उलटी मोजणी सुरू होते आणि चष्मा शोधेपर्यंत गायिकेचे आडनाव निघून गेलेले असते. नावे वाचण्याची सवय असलेल्यांनी चष्मा चित्रपटाच्या मध्यंतरापासूनच डोळ्यांवर ठेवावा, असा व्यवहार्य उपाय आहे; मध्यंतर कुठे असावे हे आपले आपण ठरवावे.

पोस्टराविषयीही एक खुलासा. एकाच चित्रपटाचे चित्र प्रत्येकाला त्याच्या पाहण्याच्या इतिहासानुसार वेगळे दाखवायचे, ही पद्धत नेटफ्लिक्सने २०१७ मध्ये स्वतःच समजावून सांगितली आहे: प्रेमकथा पाहणाऱ्याला त्यातले जोडपे दिसते आणि विनोदी चित्रपट पाहणाऱ्याला त्यातला विनोदी नट. हा नट चित्रपटात चारच मिनिटे असला, तर बाकीचा वेळ तो परत येईल या आशेवर काढावा. स्थळाकडून आलेल्या फोटोवरून आपण आजवर काय वेगळे केले आहे?

एवढी साधना झाल्यावरही मोहाचे क्षण येतातच. परवा रात्री आत्याचा फोन आला. डोळा आता स्वच्छ दिसतो, हे सांगून झाल्यावर ती म्हणाली, “अरे, तो सिनेमा बघ. त्यात तो आहे बघ, तो, त्या आधीच्या मालिकेत वकील झाला होता तो. घर विकायला निघतात आणि शेवटी म्हातारा विहिरीवर जाऊन बसतो. तुला आवडेल. तुझ्या बापाला पण आवडला असता.” नाव तिने सांगितले नाही, पण कोणता चित्रपट ते मला लगेच समजले. हा मजकूर शोधाच्या चौकटीत कुठल्याही लिपीत बसणारा नव्हता, म्हणून मी आठवून नाव टिपू लागलो. तिसऱ्या अक्षराला पूर्ण नाव आपोआप खाली उमटले, म्हणजे यंत्रालाही चित्रपट माहीत होता. तो दाबल्यावर कळले की हा चित्रपट येथे उपलब्ध नाही, मात्र त्याच्याशी मिळतीजुळती शीर्षके आपण पाहू शकता. मिळत्याजुळत्यांत पहिली आत्याची पौराणिक मालिका होती, आणि ती आत्याने डोळे मिटून जिथे सोडली होती त्याच भागापासून पुढे पाहण्याची सोय करून ठेवलेली होती.