जगाला माहीत नसलेली शर्यत

आमच्या घरच्या ग्रुपवर सध्या बैलगाडा शर्यतीवरून जुंपली आहे. दादा, म्हणजे माझा चुलतभाऊ, गावच्या यात्रा कमिटीत आहे. त्याचं म्हणणं, घाटाला, म्हणजे बैल पळतात त्या धावपट्टीला, पक्की गॅलरी बांधा, ड्रोन लावा, इंग्रजीत कॉमेंट्री ठेवा, म्हणजे आपली शर्यत जगाला कळेल. त्यावर मुंबईची भाची तुटून पडली. तिच्या मते बैल पळवतानाचे ते व्हिडिओ जगाने पाहिले तर आपलीच लाज जाईल. दोघांचं एकाही गोष्टीवर एकमत नाही, पण हे 'जग' मात्र दोघांनाही साक्षीला हवंय. मला राग येतो तो त्याचा. मी राहते ना त्या जगात.

मी असते उत्तर आयर्लंडमध्ये, कोलरेनला. दर मे महिन्यात आमच्याकडे 'नॉर्थ वेस्ट 200' होते. दादाला विचारलं, ऐकलंयस का कधी? म्हणाला, क्रिकेट आहे का? दारात दोन बुलेट उभ्या असलेला माणूस हा.

तर ही मोटरसायकलींची शर्यत, 1929 पासूनची. पोर्टस्टुअर्ट, कोलरेन आणि पोर्टरश यांना जोडणारे साधे रस्ते बंद करायचे आणि त्या जवळपास नऊ मैलांच्या त्रिकोणावर गाड्या सोडायच्या. सरळ पट्ट्यांवर सुपरबाइक ताशी 200 मैलांच्या वर जाते, म्हणजे 320 किलोमीटर. याच रस्त्याने मी एरवी ड्यूटीला जाते, तेव्हा पुढे हमखास कुणाचा तरी ट्रॅक्टर असतो. नावातले 200 हे मूळच्या दोनशे मैलांचे. आता एकही शर्यत त्याच्या आसपास फिरकत नाही, पण नाव बदलायचं कुणाच्या मनातही येत नाही. ज्यांची घरं त्रिकोणाच्या आत, ते रस्ते बंद व्हायच्या आधी निघाले नाहीत तर दिवसभर आतच. कोणी कोर्टात गेल्याचं माझ्या कानावर नाही. बहुतेक जण अंगणात खुर्च्या टाकतात, सॉसेज भाजतात.

आणि बाहेरच्यांना यातलं काय माहीत? काही नाही. पोर्टरश म्हटलं की त्यांना गोल्फ आठवतं, कारण 2019 आणि 2025 ची ओपन ही गोल्फची मोठी स्पर्धा इथे झाली. नाहीतर जायंट्स कॉजवे, समुद्रकाठचे ते दगडी खांब. नाहीतर डार्क हेजेसची झाडं, ज्यांच्याखाली फोटो काढायला माझे पुण्याचे पाहुणे पहाटे पाचला उठले होते. तिथून बॅलीमनी गाडीने काही मिनिटांवर. तिथे जोई डनलॉपचा पुतळा आहे, पाहायचाय का म्हटलं, तर विचारतात, कोण हा?

जोईने आयल ऑफ मॅन बेटावरची टीटी, ही रस्त्यावरचीच मोटरसायकल शर्यत, 26 वेळा जिंकली. 2024 मध्ये पुतण्या मायकलने मोडेपर्यंत तो विक्रम टिकून होता. बॅलीमनीत त्याचा पब होता. व्हॅनमध्ये सामान भरून तो एकटा रोमानिया आणि बोस्नियातल्या अनाथ मुलांपर्यंत जायचा. 2000 साली एस्टोनियात शर्यतीत गेला, तेव्हा छोट्याशा बॅलीमनीत अंत्ययात्रेला हजारोंची रीघ लागली, आणि त्यात वर्षानुवर्षं एकमेकांशी लढलेले कॅथलिक होते तसे प्रोटेस्टंटही. इथे राहणाऱ्यालाच कळेल हे केवढं आहे. जगाला तो माहीत नाही म्हणून बॅलीमनीत कुणाची झोप उडालेली मी तरी पाहिली नाही.

दादाला मी हेच सांगते, जगाने ओळखल्याने पोट भरत नाही. बेलफास्टजवळ डंड्रॉडला अल्स्टर ग्रां प्री व्हायची, जगातली सर्वात वेगवान रोड रेस म्हणून मिरवायची. 2019 ला विक्रमी लॅप झाला आणि त्यानंतर कर्जात बुडून ती बंद पडली. आपल्याकडे 2023 मध्ये ग्रेटर नोएडाला मोटोजीपी, ही मोटरसायकलींची जागतिक शर्यत, आणली. केवढा गाजावाजा! पुढच्या दोन वर्षांत तिथे मोटोजीपीचं चाक फिरलं नाही. उलट त्याच 2023 मध्ये विम्याचा खर्च इतका भडकला की उत्तर आयर्लंडमधल्या सगळ्याच शर्यती रद्द व्हायची वेळ आली. तेव्हा लोकांनी वर्गणी काढली. नॉर्थ वेस्ट झाली.

भाचीचं उत्तर माझ्याकडे इतकं तयार नाही. ती म्हणते, मावशी, तुझे ते रायडर स्वतःच्या मर्जीने मरतात, बैलाला कुणी विचारलं? मी सुप्रीम कोर्टावर नेते. 2014 ला बंदी, डिसेंबर 2021 ला अटींवर परवानगी, मे 2023 ला घटनापीठाने कायदा उचलून धरला, विषय संपला. विषय संपलेला नाही हे मलाही कळतं. पण हजारो किलोमीटरवरून कोणी 'क्रूर' म्हटलं की माझ्यातली मंचरची मुलगी जागी होते, आणि म्हणणारी सख्खी भाची असली तरी ती ऐकत नाही.

हॉस्पिटलच्या कँटीनमध्येही हेच झालं. एका सहकारी नर्सने फोनवर घाटाचा व्हिडिओ पाहिला, पुढे घोडी, मागे चौखूर उधळलेले बैल, आणि नाक मुरडलं. मी म्हटलं, 2008 ला तुमचा रॉबर्ट डनलॉप, जोईचा भाऊ, इथेच सरावात गेला. दोन दिवसांनी त्याचा मुलगा, हाच मायकल, त्याच रस्त्यावर जिंकला. तुम्ही त्याला शौर्य म्हणता, आमच्या घाटाला रानटीपणा? ती गप्प झाली. मला फार बरं वाटलं, तेवढं वाटायला नको होतं. तिथे मी गाडामालकाच्या लेकीसारखी बोलत होते.

प्रत्यक्षात घाट मी कधी जवळून पाहिलेलाच नाही. आमच्या घरातल्या बायका यात्रेच्या दिवशी पुरणपोळ्यांत. बारी, म्हणजे एका गाड्याची धाव, सुटली की माळावरून आरोळी यायची, लाउडस्पीकरवर सेकंद ऐकू यायचे, आणि गच्चीवर धावत पोचेपर्यंत दिसायची ती फक्त धूळ. भंडाऱ्याने पिवळे झालेले काका आणि दादा घरी आले की निकाल कळायचा. शर्यत म्हणजे काय ते मी शिकले पोर्टस्टुअर्टच्या एका कुंपणामागे, घडीच्या खुर्चीवर, शेजारच्या आजीबाईंच्या थर्मासमधला चहा पीत. कोणत्या वळणावर कोण ब्रेक उशिरा मारतो, हे त्या मला सांगतात. आता मीही नवख्यांना सांगते. ते माझ्याकडे बघतात, मग आजीबाईंकडे बघून खात्री करून घेतात. त्याचीही सवय झाली आहे.

तेव्हा दादाच्या त्या गॅलरीबद्दल. ड्रोन नको, इंग्रजी कॉमेंट्री तर मुळीच नको, घाटातल्या त्या 'भिर्रर्र' आरोळीचं इंग्रजी करणाऱ्याला मी स्वतः हाकलून देईन. पण परदेशी पाहुणे येणार म्हटल्यावर कमिटीला बायकांसाठी चार ओळी खुर्च्या ठेवाव्या लागतील. तेवढ्यासाठी माझं मत दादाला. वर्गणी किती पाठवायची ते कळव म्हणून आत्ताच ग्रुपवर टाकलं आहे, भाचीने लाल तोंडाची इमोजी पाठवली आहे.