खात्री नाही, म्हणूनच कळवा

नमस्कार डॉक्टर,

औषधांचे दुष्परिणाम डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट यांनी नुसता संशय असला तरी औषधांच्या सुरक्षेवर देखरेख ठेवणाऱ्या यंत्रणेला कळवावेत, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं: औषधासोबतच्या माहितीपत्रकात जे नाही ते कळवणं म्हणजे अफवा पसरवणं. आधी खात्री, मग नोंद. अर्धवट नोंदींनी कचराच वाढतो, आणि उद्या तीच नोंद आपल्या अंगाशी आली तर?

आधी माहितीपत्रकाचं बघू. औषध बाजारात येण्यापूर्वी ते बहुधा काही हजार लोकांनाच दिलेलं असतं. समजा ३,००० जणांना दिलं, आणि दहा हजारांत एकाच्या यकृताला त्यानं गंभीर इजा होते. त्या चाचणीत असा एकही रुग्ण न सापडण्याची शक्यता ७४ टक्के निघते. शिवाय गरोदर स्त्रिया, ऐंशीच्या पुढचे, मूत्रपिंड बिघडलेले, एकावेळी सहा-सात गोळ्या चालू असलेले, हे लोक चाचण्यांतून सहसा वगळलेले असतात. ओपीडीत रांग त्यांचीच असते. पत्रकातल्या रिकाम्या जागा मग नंतर भरल्या जातात, आणि त्यात मोठा वाटा कुणीतरी कळवलेल्या घटनांचा असतो. पत्रकात नाही म्हणून आपण कळवायचं नाही, आणि आपण कळवलं नाही म्हणून ते पत्रकात यायचं नाही, असं हे चक्र आहे. मोबाइलवरची औषधांची ॲप्सही बरीचशी त्याच पत्रकांवर पोसलेली असतात. चार ठिकाणी तेच वाक्य वाचलं म्हणजे चार पुरावे मिळाले असं होत नाही. (पत्रकावर शेवटच्या सुधारणेची तारीख असते. ती बघणारे फार थोडे.)

आता खात्री. डिसेंबर १९६१ मध्ये विल्यम मॅकब्राइड या ऑस्ट्रेलियन प्रसूतितज्ज्ञाचं एक छोटं पत्र 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. थॅलिडोमाइड हे औषध गरोदरपणात घेतलेल्या मातांच्या बाळांत गंभीर व्यंगं दिसताहेत, एवढं सांगून त्यांनी वाचकांना विचारलं होतं: तुमच्यापैकी कुणाला असं आढळलंय का? सिद्धता नव्हती, प्रश्न होता. गंमत म्हणजे हेच मॅकब्राइड पुढे दुसऱ्या एका औषधावरच्या संशोधनात आकडे फिरवताना सापडले आणि १९९३ मध्ये त्यांचं नाव वैद्यकीय नोंदणीतून काढलं गेलं. माझ्या मते यातून तुमचा आणि माझा, दोघांचाही मुद्दा निघतो. कळवणाऱ्याच्या शब्दावर निकाल द्यायचा नसतोच. तो पडताळायला दुसरे लोक बसलेले असतात, पण त्यांच्यापर्यंत काही पोचलं तर ते पडताळणार ना? आणि एका रुग्णापुरती पक्की खात्री व्हायची तर बऱ्याचदा तेच औषध पुन्हा देऊन बघावं लागेल. त्वचा सोलून निघालेल्या माणसाला ती गोळी परत कोण देईल?

कचऱ्याचा मुद्दा मला अर्धा मान्य आहे. बातमी आली की नोंदींचा पूर येतो, एकच रुग्ण दोन-तीन वाटांनी नोंदला जातो. नुसत्या नोंदी मोजून धोका किती हे सांगता येत नाही, कारण औषध एकूण कितीजणांनी घेतलं हे त्यात नसतंच. पण पोलिओचं काम आठवा. पंधरा वर्षांखालच्या मुलाला अचानक लुळेपणा आला की तो पोलिओ असो-नसो, कळवायचा. दर लाख मुलांमागे वर्षाला पोलिओ नसलेला असा निदान एक रुग्ण तरी नोंदीत यायलाच हवा, ही तिथली कसोटी. त्याहून कमी आले तर त्या भागात देखरेख ढिली आहे असं धरतात. तुम्ही ज्याला कचरा म्हणता, तोच तिथे जागेपणाचा पुरावा. औषधांच्या बाबतीत परिस्थिती नेमकी उलटी: २००६ साली १२ देशांतल्या ३७ अभ्यासांचा आढावा निघाला, त्यात न कळवल्या गेलेल्या दुष्परिणामांच्या प्रमाणाचा मध्यक ९४ टक्के होता.

मला खरा कचरा वाटतो तो वेगळाच. "गोळीने ॲलर्जी आली" ही नोंद निरुपयोगी. त्याऐवजी असं लिहा: स्त्री, ५८, कार्बामाझेपिन २०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, बाराव्या दिवशी ताप, डोळे लाल, ओठांना आतून फोड, दुसऱ्या दिवशी छातीवर चट्टे, त्याच दिवशी औषध बंद, सोबत रक्तदाबाची एक गोळी, दोन वर्षांपासून. यात "मला खात्री आहे" असं कुठेही नाही, तरी पलीकडे बसलेल्याला हवं ते बहुतेक सगळं आहे. आणि किमान अट तर याहूनही सोपी: ओळख पटेल असा रुग्ण (नाव नको, वय किंवा आद्याक्षरं चालतात), कळवणारा, संशयित औषध, संशयित परिणाम. बस.

अंगाशी येण्याबद्दल: नियम जागोजागी वेगळे आहेत. डॉक्टरांना हे कुठे सक्तीचं, कुठे ऐच्छिक. पण नोंद म्हणजे चुकीची कबुली नव्हे, हे अनेक फॉर्मवरच छापलेलं असतं. प्रश्न निघालाच तर वेळच्या वेळी केलेली नोंद तुमच्या बाजूनेच बोलेल.

तुम्हीच लिहिलंय, एका नव्या गोळीनंतर दोन रुग्णांची चव गेली म्हणून तुम्ही ती गोळी लिहिणं सोडलं. म्हणजे स्वतःच्या रुग्णांपुरता तुम्हाला संशय पुरेसा वाटला! मग तोच कळवायला का अडावं? केसपेपर असतीलच. गोळी कधी सुरू केली, चव कधी गेली, बंद केल्यावर परत आली का, आली तर किती दिवसांनी, एवढं त्यातून काढा आणि दोन वेगळ्या नोंदी पाठवून द्या. उशीर झाला म्हणून त्या कुणी परत करणार नाही.