फालतू ड्राइव्ह फॉरमॅट करा म्हणे!

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. ‘धिस पीसी’मध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या ड्राइव्हच्या यादीत, ई, एफ, जी, एच अशा अक्षरांचे नको ते ड्राइव्ह दिसत असतील तर तो व्हायरस समजा, सगळे फॉरमॅट करा, जागा सुटेल, कॉम्प्युटर पळेल. आणि खासगी फाइलींचा ड्राइव्ह यादीतून लपवा, मग तो कुणालाच उघडता येणार नाही. एका अडत दुकानातल्या दिवाणजींनी ‘करू का?’ म्हणून विचारलं. नका करू.

यादी लांबते आणि हवा तो ड्राइव्ह पटकन सापडत नाही, ही तक्रार खरी आहे. पण त्यात व्हायरस कुठून आला? कार्ड रीडरला चार खाचा असल्या तर आत कार्ड नसतानाही चार अक्षरं अडकू शकतात. गुगल ड्राइव्हचं अ‍ॅप टाकलं की आणखी एक ड्राइव्ह उगवतो. 2018 साली विंडोज 10 च्या 1803 अपडेटनंतर कित्येकांना रिकव्हरी पार्टिशन (विंडोज दुरुस्त करायच्या फाइलींसाठी डिस्कवर राखलेला कप्पा) अचानक दिसायला लागलं आणि ‘जागा संपत आली’ अशी सूचना सारखी यायला लागली. तेही अपडेटचंच काम होतं. पेनड्राइव्हमधल्या फाइली गायब होऊन त्यांच्या जागी शॉर्टकट दिसले तर मात्र अँटिव्हायरस चालवा, ती लागण खरी असते.

फॉरमॅट म्हणजे आतलं सगळं पुसणं, म्हणून तो सल्ला सगळ्यात घातक. अनोळखी दिसणारा छोटा ड्राइव्ह बऱ्याचदा ईएफआय किंवा रिकव्हरी पार्टिशन निघतो. ईएफआय साधारण 100 ते 260 एमबीचं असतं. 500 जीबीच्या डिस्कवर तेवढ्यानं काय सुटणार? पण विंडोज सुरू करणाऱ्या फाइली त्यातच असतात, त्या गेल्या की दुसऱ्या दिवशी मशीन उठतच नाही. मुलानं विंडोजच्या शेजारी लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम टाकली असेल तर त्याचं पार्टिशन विंडोजला वाचता येत नाही, आणि क्लिक केलं की विंडोज स्वतःच ‘फॉरमॅट करायचं का?’ विचारतं. तिथं ‘हो’ म्हटलं की लिनक्स गेलं. आणि यार्डातल्यांनी एक लक्षात ठेवावं: 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी शहरात शिरलं होतं, अशा गावात हिशेबाचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर ठेवणारा माणूस शहाणाच. ती डिस्क जोडलेली असली की याच यादीत एफ नाहीतर जी होऊन बसते, आणि सगळे फॉरमॅट केले की बॅकअपही गेला.

यादीत ड्राइव्ह नको असेल तर त्याचं अक्षरच काढावं. विंडोज आणि एक्स एकत्र दाबून डिस्क मॅनेजमेंट उघडा, पार्टिशनवर राइट क्लिक, ‘चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स’, मग ‘रिमूव्ह’. दारावरची पाटी काढली म्हणून घर पडत नाही, तसा आतला डेटा जागेवर राहतो. त्याच मेनूत ‘डिलीट व्हॉल्यूम’ही आहे, त्याला हात लावू नका. हिशेबाच्या टॅली सॉफ्टवेअरचा डेटा ज्या अक्षरावर आहे ते काढू नका, टॅलीला तुमच्या कंपनीचे हिशेब सापडणार नाहीत. रिकाम्या खाचांसाठी तर एवढंही नको: फोल्डर ऑप्शन्सच्या ‘व्ह्यू’मध्ये ‘हाइड एम्प्टी ड्राइव्ह्ज’वर टिक करा.

विंडोज 10 मध्ये एकच पेनड्राइव्ह डावीकडच्या पट्टीत दोनदा दिसतो. ती दुसरी प्रत नव्हे. एका ठिकाणी फाइल पुसली की दुसरीकडूनही गेली.

लपवलेला ड्राइव्ह कुणाला उघडता येत नाही, हे तर साफ खोटं. रजिस्ट्रीतल्या (विंडोजच्या सेटिंग्ज जिथं साठतात तिथल्या) ‘नोड्राइव्ह्ज’ या सेटिंगनं तो फक्त यादीतून जातो. लपवलेला ड्राइव्ह डी असेल तर अ‍ॅड्रेस बारमध्ये डी आणि कोलन टाइप करून एंटर मारा, उघडतो. खरोखर कुलूप हवं असेल तर विंडोजच्या प्रो आवृत्तीत बिटलॉकर आहे. त्याची रिकव्हरी की (पासवर्ड विसरला तर कुलूप उघडणारा लांब क्रमांक) मात्र त्याच कॉम्प्युटरवर ठेवू नका.

राहिला वेग. यादीत चार अक्षरं जास्त असल्यानं कॉम्प्युटर मंदावत नाही. अपवाद एकच: पूर्वी जोडलेला आणि आता बंद पडलेला नेटवर्क ड्राइव्ह, म्हणजे दुसऱ्या मशीनवरचा ड्राइव्ह. त्याच्या उत्तराची वाट बघत फाइली दाखवणारा एक्सप्लोरर अडकून बसतो. त्यावर राइट क्लिक करून ‘डिस्कनेक्ट’ करा, पलीकडच्या मशीनवरच्या फाइलींना काही होत नाही.