‘कोठारं भरलीत, मग रडता कशाला?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. देशाची अन्नसुरक्षा अर्धवट आहे असं म्हणणाऱ्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: २०२३-२४ मध्ये देशात ३३ कोटी टनांवर अन्नधान्य पिकलं, तांदळाच्या निर्यातीत आपण जगात पहिले, तरी अन्नसुरक्षा अर्धवट म्हणणं हे निव्वळ रडगाणं. आणि डाळी-तेलबिया कमी पडत असतील तर दोष शेतकऱ्यांचा, त्यांना उसाचा सोपा पैसा हवा.

आकडा खरा आहे. १९५०-५१ मध्ये तो ५ कोटी टनांच्या आसपास होता आणि १९६५-६६च्या दुष्काळात आपण पीएल-४८० या अमेरिकेच्या अन्नमदत कायद्याखाली आलेल्या गव्हावर दिवस काढले. ही बाजू मी लेखात एका ओळीत उरकली, ती चूक कबूल. पण त्या ३३ कोटींचं पोतं जरा उघडून बघा. २५ कोटी टन नुसता तांदूळ आणि गहू. डाळी जेमतेम २.४ कोटी. तेलबिया तर त्यात धरतच नाहीत! त्यामुळे हा आकडा कितीही वाढला तरी खाद्यतेलाबद्दल काही सांगत नाही. आणि तेल आपण निम्म्याहून जास्त बाहेरून आणतो.

आता शेतकऱ्याच्या दोषाबद्दल. इथे मात्र मला तुमचं अजिबात पटलं नाही. २०१५ मध्ये तूरडाळ किलोला २०० रुपयांपर्यंत गेली, आठवतं? पुढच्या खरिपात तुरीचा हमीभाव बोनस धरून ५,०५० रुपये क्विंटल झाला, पाऊसही बरा पडला, लोकांनी तूर पेरली. डाळींचं उत्पादन एका वर्षात १.६ कोटी टनांवरून २.३ कोटींवर गेलं. मिळालं काय? २०१७च्या उन्हाळ्यात आपल्याकडे खरेदी केंद्रांबाहेर ट्रॅक्टरच्या रांगा, बारदाना संपलेला, आणि बाजारात भाव हमीभावाच्या खाली. तुरीच्या आयातीवर मर्यादा आली ती ऑगस्टमध्ये, शेतकऱ्यांनी मिळेल त्या भावाला माल विकून टाकल्यावर. २०२१ मध्ये ती मर्यादाही उठली. उसाला एफआरपी, म्हणजे कारखान्याने द्यायचाच असा सरकारने ठरवलेला किमान दर आहे, घेणारा कारखाना आहे. पंजाबात भात-गव्हाला सरकारी खरेदी आहे. तूरवाल्याच्या मागे कोण उभं आहे? मग त्यानं ऊस लावला की तो आळशी!

तेलाची कथा जुनी आहे. १९८६च्या तेलबिया मोहिमेनंतर नव्वदीच्या सुरुवातीला आपण खाद्यतेलात जवळजवळ स्वयंपूर्ण होतो. पुढे आयात खुली झाली आणि स्वस्त पामतेलापुढे देशी तेलबियांचा भाव टिकला नाही. अलीकडचंच घ्या. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावर २० टक्के मूळ आयातशुल्क लावलं. शहरातल्या ग्राहकाला तेल महाग झालं, म्हणून मे २०२५च्या अखेरीस ते निम्म्यावर आणलं. ग्राहकाची अडचण खोटी नव्हती, मीही तेल विकतच घेतो. पण तेव्हा सोयाबीनची पेरणी तोंडावर आली होती.

त्या जूनमध्ये तुमच्याकडे पाच एकर आणि विहिरीला पाणी असतं, तर तुम्ही काय पेरलं असतं? जरूर लिहा.