‘सोमवारी या’ हे आमचं उत्तर चुकीचंच होतं

नमस्कार,

वडिलांच्या बुबुळरोपणाबद्दल (म्हणजे डोळ्याच्या पुढचा पारदर्शक पडदा, कॉर्निया, बदलण्याबद्दल) तुम्ही एक स्टार देऊन तीन गोष्टी लिहिल्यात: शनिवारी संध्याकाळी डोळा लाल झाला तेव्हा आमच्या रिसेप्शनवरून ‘सोमवारी ओपीडीत या’ असं सांगितलं गेलं, चार महिने झाले तरी धूसरच दिसतंय, आणि डोळ्याचं प्रेशर तपासायच्या नावाखाली आम्ही नुसत्या खेपा घालायला लावतो.

पहिली तक्रार शंभर टक्के खरी आहे. बुबुळ बदललेला डोळा लाल झाला, उजेड सोसेना, दुखू लागला किंवा एकाएकी कमी दिसू लागलं, यांतलं एक जरी असलं तरी डोळा त्याच दिवशी तपासायचा असतो. शरीर परक्या बुबुळाला नाकारू लागलं असेल तर स्टिरॉइडचे थेंब तासातासाला घालून ते बरेचदा सावरता येतं. पण मधे दिवस गेले की बुबुळाच्या सगळ्यात आतल्या थरातल्या पेशी मरतात, आणि त्या पुन्हा तयार होत नाहीत. कधी नुसता एखादा टाका सैल झालेला असतो, पण तिथूनही जंतू शिरतात. हे फोनवर बसणाऱ्या मुलीला शिकवून ठेवणं माझं काम होतं, ते राहिलं. तिच्यावर राग धरू नका. तुम्ही त्याच रात्री दुसऱ्या डॉक्टरांना गाठलंत, फार बरं केलंत. आता रोपणाच्या पेशंटचा फोन थेट माझ्याकडे येतो, रविवार असो की लक्ष्मीपूजन.

धूसर दिसण्याबद्दल मात्र मला तुमचं म्हणणं पटत नाही. वडिलांची फाइल मी इथे चारचौघांत उघडणार नाही, सर्वसाधारण सांगतो. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेले शेजारचे काका आठवड्यात पेपर वाचू लागतात आणि घरचे तीच अपेक्षा इथे धरतात. बुबुळात रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे जखम फार सावकाश भरते. पूर्ण जाडीचं बुबुळ बसवलं की केसाहून बारीक नायलॉनचे साधारण 16 टाके असतात. त्यांची ओढ सगळीकडे सारखी नसते, म्हणून प्रतिमा वेडीवाकडी, पुसट दिसते. टाके वर्ष-दीड वर्षात हळूहळू काढतात, चष्म्याचा नंबर त्यानंतर कुठे स्थिरावतो. संमतीपत्रात हे छापलेलं आहे. ते इंग्रजीत आहे, हेही खरं. मराठीत करायला घेतलंय.

खेपांचं म्हणाल तर ज्या स्टिरॉइडवर बुबुळ टिकतं त्यानेच डोळ्याचं प्रेशर वाढू शकतं, आणि पेशंटला ते बहुधा कळतही नाही. त्यातून काचबिंदू झाला तर गेलेली नजर परत येत नाही. म्हणून बोलावतो.

पुढच्या तपासण्या फुकट करतो असं लिहून मला स्टार वाढवून घ्यायचे नाहीत. वडिलांना घेऊन या, मी स्वतः तपासतो. येताना त्या रात्रीचा कागद आणि सगळ्या थेंबांच्या बाटल्या आणा. आणि तोवर कुणाचं ऐकून थेंब बंद करू नका.