टिळकांना जामीन कोणी दिला होता?

आमच्या दादरच्या सोसायटीच्या ग्रुपवर परवा एक मेसेज फिरत फिरत आला. ‘हायकोर्टाचे न्यायाधीश निवडताना धर्माचा विषय काढणाऱ्यांना गुणवत्तेचं वावडं आहे. ज्याचा जो धर्म, त्याचीच तो बाजू घेणार. अल्पसंख्याक न्यायाधीश कमी आहेत, कारण लायक माणसंच नाहीत.’ एरवी असं काही आलं की मी पुढे सरकतो. पण फोर्टात पंचवीस वर्षं वकिली केल्यावर हे गिळवत नाही.

आधी ‘ज्याचा जो धर्म’. १८९७ मध्ये टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला. जामिनाचा अर्ज हायकोर्टात पार्सन्स आणि रानडे या न्यायमूर्तींपुढे गेला. रानडे म्हणजे आपले महादेव गोविंद. अर्ज फेटाळला. पुन्हा अर्ज केला तो न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजींपुढे, आणि त्यांनी जामीन दिला. मेसेजच्या हिशेबाने उलटं व्हायला हवं होतं.

तय्यबजींपुढे टिळकांची बाजू मांडली बॅरिस्टर दिनशा दावरांनी. १९०८ मध्ये टिळकांवर पुन्हा राजद्रोहाचा खटला झाला, तेव्हा हेच दावर न्यायाधीशाच्या खुर्चीत होते. या खेपेला टिळकांसाठी जामीन मागायला उभे राहिले जिना. दावरांनी जामीन नाकारला आणि पुढे सहा वर्षांची हद्दपारी ठोठावली. ज्युरीतल्या सात युरोपियनांनी टिळकांना दोषी ठरवलं, दोघा पारशांनी निर्दोष. म्हणजे शिक्षा देणारा पारशी आणि निर्दोष म्हणणारेही पारशीच. आता कोणी विचारेल, मग सातही गोरे एका सुरात कसे बोलले? रास्त आहे. एकाच वर्तुळातली माणसं बसवली की एकच सूर निघतो, आणि ते दोघे नसते तर वेगळं मत नोंदलंच गेलं नसतं. हा खटला चालला त्या हायकोर्टातल्या ४६ नंबरच्या कोर्टापाशी टिळकांच्या शब्दांचा संगमरवरी फलक आहे. १९५६ मध्ये त्याचं अनावरण केलं मुख्य न्यायमूर्ती महंमदअली करीम छगला यांनी.

आता गुणवत्ता. वकिलातून थेट न्यायाधीश होताना परीक्षा नसते की मार्क नसतात. राज्यघटनेचं कलम २१७ सांगतं, हायकोर्टात दहा वर्षं वकिली हवी. मुख्य न्यायमूर्ती आणि दोन ज्येष्ठ न्यायमूर्ती नावं सुचवतात. मग फाइल राज्य सरकार, आयबी म्हणजे गुप्तचर खातं, केंद्र, सुप्रीम कोर्टाचं कॉलेजियम म्हणजे तिथल्या ज्येष्ठ न्यायमूर्तींचं निवडमंडळ अशी फिरते. आमच्याच हायकोर्टातले वकील सोमशेखर सुंदरेसन यांच्या नावावर केंद्राचा आक्षेप होता तो समाजमाध्यमांवरच्या मतांना. कॉलेजियमने जानेवारी २०२३ मध्ये नाव पुन्हा पाठवलं, शपथ झाली नोव्हेंबरात. त्या आक्षेपात कायद्याच्या ज्ञानाचा प्रश्नच नव्हता.

अशा वेळी ‘इथेही आरक्षण आणताय’ अशी ओरड होते, ती तर फुकाची. या नेमणुकांत आरक्षण नाहीच. अल्पसंख्याकांच्या नावांचा विचार व्हावा, असं केंद्रच मुख्य न्यायमूर्तींना सांगत असतं.

राहिलं ‘लायक माणसंच नाहीत’. २०१८ पासून देशभरात नेमलेल्या हायकोर्टाच्या ६८४ न्यायाधीशांत अल्पसंख्याक ३७, असं केंद्राने २०२४ च्या अखेरीस संसदेत सांगितलं. शंभरात साडेपाचसुद्धा नाहीत. २०११ च्या जनगणनेत हिंदू ७९.८ टक्के होते, बाकीचं गणित ज्याचं त्याने करावं. यावर ‘वकिलीतच ते पुढे आलेले नाहीत’ असं उत्तर येतं. पुढे येणं म्हणजे काय, तर मोठ्या मॅटरमध्ये उभं राहणं, न्यायाधीशांच्या नजरेत भरणं. नाव सुचतं ते ऐकलेल्या वकिलाचं.

काही वर्षांपूर्वी माझ्या चेंबरमधल्या एका मुसलमान ज्युनिअरने एक मॅटर मुळापासून तयार केलं होतं. तारखा, निवाडे, युक्तिवादाची टिपणं, सगळं त्याचं. आदल्या संध्याकाळी सॉलिसिटरच्या ऑफिसातून फोन आला, “उद्या तुम्हीच उभे राहा ना. क्लायंट जरा जुन्या वळणाचे आहेत.” मी उभा राहिलो, त्याचीच टिपणं समोर ठेवून. तो मागच्या बाकावर बसून मला पानं काढून देत होता. निकाल आमच्या बाजूने लागला. ऑर्डरवर वकील म्हणून नाव आहे ते माझं.